राखणीचा गडी

जोंधळा हुरड्यात आला की राखणीला माणूस लागतो. दिवसा माळ्यावर गोफण घेऊन बसायचं, रात्री बॅटरी मारत बांधानं फिरायचं. पीक घरात आलं तर मालकाचं कसब. पण एका रात्रीत रानडुकरांनी धुऱ्याकडचा कोपरा लोळवला, तर सकाळी पहिला सवाल एकच असतो, 'राखणीला कोण होतं?' महिनाभर डुक्कर आत आलं नाही, याची नोंद कुणी ठेवत नाही. आलं, त्या एका रात्रीची मात्र गावभर चर्चा होते.

फुटबॉलच्या मैदानात ही नोकरी करणाऱ्याला बचावपटू म्हणतात. शाळेच्या मैदानावर आपण त्याला नुसतं 'बॅक' म्हणत होतो. ज्याच्या पायात चेंडू टिकतो त्याला पुढं घ्यायचं आणि उरलेल्या धिप्पाड पोराला मागं उभं करायचं, अशी आपली निवड समिती. आज या पानावर अशाच एका बॅकची हकिगत सांगायची आहे. त्याचं नाव राहुल शंकर भेके. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? जवळा बाजारच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं उतरवून चहाला थांबलेल्या दहा जणांना विचारलं, तर विराट कोहली दहाही जणांना माहीत असेल, मेस्सी सात-आठ जणांना. भेके म्हटल्यावर मात्र 'कुठल्या गावचे?' असाच उलटा प्रश्न येईल.

शेतीच्या पानावर फुटबॉल कशाला, असंही कुणी विचारील. विचारणाऱ्याचं चुकत नाही. हळदीची आवक आणि कापसाचा भाव सोडून इकडं वळायला कारण तसंच आहे. ज्यांच्या घरात दहा ते अठरा वयाचं लेकरू आहे, त्या कास्तकारांनी हे वाचावं. ज्यांच्या दप्तरात गावाच्या जागांची नोंद आहे, त्या गावकारभाऱ्यांनीही वाचावं. गोष्ट मुंबईतून सुरू होते, पण ती सातबाऱ्यापर्यंत येणार आहे.

राहुल भेकेचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा, मुंबईतला. मुंबईत मराठी पोरानं क्रिकेट सोडून फुटबॉल धरणं म्हणजे सोयाबीनच्या शिवारात एकट्यानं करडई पेरण्यासारखं. पिकलं तर पिकलं, पण शेजारी हसणार. तो मोठा होत होता तेव्हा मुंबईत फुटबॉलवर पोट भरायचा रस्ता एकच होता. कचेऱ्यांचे नि कंपन्यांचे संघ. एअर इंडिया, ओएनजीसी, महिंद्रा. खेळाडूला संघात घ्यायचं, जमलं तर नोकरीत चिकटवायचं, संध्याकाळी मैदान. भेकेनं मोठ्या स्पर्धांतली सुरुवात एअर इंडियाकडून केली.

आता गंमत बघा. तो या धंद्यात उतरला आणि त्याच सुमाराला एकेक संघ गाशा गुंडाळायला लागला. महिंद्रा युनायटेड हा देशातला एक नंबरचा संघ २०१० साली बंद झाला. एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना परवान्याच्या अटी पुऱ्या करता आल्या नाहीत म्हणून २०१३ साली आय-लीगमधून बाहेर काढलं गेलं. पुढं तो ज्या मुंबई एफसीकडून खेळला, तो संघ २०१७ साली खालच्या दर्जात गेला आणि संपला. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. आपल्याकडं सहकारी सूतगिरण्या नि साखर कारखाने जसे एकामागं एक कुलूपबंद झाले, तशीच ही यादी. कामगार चांगला होता की वाईट, हा प्रश्नच नव्हता. भोंगा वाजायचा थांबला की चांगला कामगारही घरीच बसतो.

अशा वेळी माणूस गाव सोडतो. भेके कलकत्त्याला गेला, ईस्ट बंगालकडं. कलकत्त्यात फुटबॉल म्हणजे आपल्याकडची पंढरीची वारी आणि कुस्तीचा फड एकत्र केल्यासारखं प्रकरण आहे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्याला घरंच्या घरं दोन तटांत वाटली जातात. तिथं बॅकनं एक चेंडू चुकवला तर दुसऱ्या दिवशी भाजीवाला ऐकवतो.

त्या काळात देशात दोन स्पर्धा वेगवेगळ्या हंगामांत चालायच्या. दसरा-दिवाळीच्या महिन्यांत आयएसएल, आणि ती संपली की जानेवारीपासून आय-लीग. म्हणून खेळाडूंची उसनवारी चाले. भेके ईस्ट बंगालचा गडी, पण २०१५ च्या आयएसएलला केरळ ब्लास्टर्सकडं गेला, २०१६ ला पुण्याकडं. खरीप एका मालकाकडं, रब्बी दुसऱ्याकडं. प्रत्येक ठिकाणी प्रशिक्षक नवा, शेजारी उभा राहणारा सोबती नवा, भाषा नवी. पुढं गोल करणाऱ्याचं एकट्याच्या हिकमतीवर भागतं. बॅकचं तसं नाही. बचावाची फळी चार जणांची असते आणि ती एका दोरीत हलावी लागते. एकानं पाऊल मागं ठेवलं आणि तिघे पुढं गेले, की मधल्या फटीतून गडी पार. कबड्डीत कोपरारक्षक पुढं झेपावला आणि साखळी मागंच राहिली तर काय होतं, हे आपल्या भागातल्या पोरांना सांगायला नको.

म्हणून बॅकचं निम्मं काम पायांनी होतं आणि निम्मं तोंडानं. सामना बघायला गेलात तर टाळ्यांचा आवाज बाजूला सारून मागच्या चौघांकडं कान द्या. ती माणसं नव्वद मिनिटं ओरडत असतात. 'डावीकडं', 'मागं माणूस', 'सोड', 'लाइन'. चेंडू शंभर पावलं लांब असतो तरी ते उगाच दोन पावलं इकडं, चार पावलं तिकडं सरकत असतात. ते सरकणं हाच खेळ. चांगल्या बॅकला घसरून, लोळण घेऊन चेंडू काढायची पाळी फारशी येत नाही, कारण तो आधीच योग्य जागी उभा असतो. लोळण घेणारा टीव्हीवर दिसतो, जागेवर उभा असणारा दिसत नाही. पाऊस पडून गेल्यावर फुटलेला बांध घालणारा सगळ्यांना दिसतो, उन्हाळ्यातच बांध चोपून ठेवणारा कुणाला दिसतो?

२०१७ साली भेके बेंगळुरू एफसीमध्ये आला आणि इथून त्याच्या वाट्याला स्थैर्य आलं. एक मालक, बारा महिने. १७ मार्च २०१८ ला आयएसएलचा अंतिम सामना बेंगळुरूच्याच मैदानावर झाला. नवव्या मिनिटाला सुनील छेत्रीनं गोल केला, घरचं मैदान, घरचे प्रेक्षक. आणि तरी चेन्नईनं ३-२ असा सामना मारला. चेन्नईचे पहिले दोन गोल कुणी केले? त्यांच्या बॅकनं, ब्राझीलच्या मेलसन आल्वेसनं. दोन्ही डोक्यानं, दोन्ही कॉर्नरवरून. पुढं तोऱ्यात खेळणाऱ्यांकडं सगळे बघत राहिले आणि मागचा गडी वर येऊन काम करून गेला.

महिनाभरानं, २० एप्रिल २०१८ ला, भुवनेश्वरला सुपर कपची अंतिम लढत झाली. समोर ईस्ट बंगाल, भेकेचा जुना मालक. बेंगळुरू आधी एका गोलनं मागं पडलं होतं. बरोबरी साधणारा गोल भेकेचा. सामना बेंगळुरूनं ४-१ नं जिंकला.

आणि मग आला १७ मार्च २०१९. तारीख बघा, बरोबर एक वर्ष. आयएसएलचा अंतिम सामना, या वेळी मुंबईत, अंधेरीला. म्हणजे भेकेच्या गावात. समोर एफसी गोवा, त्यांच्या डाव्या बाजूला म्हापशाचा मंदार राव देसाई, तोही बॅकच. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. गोव्याच्या अहमद जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळून त्यांचे दहाच जण राहिले, तरी गोल नाही. ११७ वं मिनिट. तीन मिनिटं राहिलेली, सगळ्यांच्या डोक्यात पेनल्टी. बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोनं चेंडू आत टाकला, आणि गर्दीतून वर उठलेलं डोकं होतं भेकेचं. चेंडू खांबाला लागून आत गेला की नुसता घुसला, यावर वाद घालायला आता कुणी बसत नाही. आयएसएलचा पहिला करंडक बेंगळुरूला मिळाला तो १-० नं, आणि तो एक गोल मुंबईच्या मराठी बॅकचा.

अंतिम सामन्यात गोल केला म्हणून पेपरात फोटो आला, हे ठीकच आहे. पण मला त्या सामन्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या मोसमात गोव्याचा संघ गोल करण्यात सगळ्यांच्या पुढं होता. त्या संघाला १२० मिनिटं एकही गोल करू दिला नाही, हे बेंगळुरूच्या मागच्या फळीचं खरं काम. त्याचा फोटो निघत नाही. निघणार कसा?

भारताच्या संघात त्याला पहिल्यांदा खेळायला मिळालं ते ५ जून २०१९ ला, थायलंडमधल्या बुरीराम गावी, किंग्ज चषकात कुरासावविरुद्ध. भारत ३-१ नं हरला. वय किती होतं? अठ्ठावीस पुरी. आपल्याकडं एकविसाव्या वर्षी पोराचं लग्न, बाविसाव्या वर्षी 'आता खेळबिळ पुरे' असं म्हणायची रीत आहे. बचावपटू उशिरा पिकतो. हळद नऊ महिने जमिनीत राहते, तिला कोथिंबिरीसारखी चाळीस दिवसांत उपटायला कुणी जात नाही. पण हेही खरं की नऊ महिने थांबायला घरात काहीतरी खायला लागतं. त्याचा विचार पुढं करू.

त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोह्यात विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी पडली. कतार तेव्हा आशियाचा विजेता. छेत्री आजारी, संघाबाहेर. सामना ०-० सुटला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूचं कौतुक झालं ते रास्तच होतं. त्याच्या पुढं उभ्या असलेल्या फळीत उजव्या बाजूला भेके होता.

आता दुसरी रात्र. ३ जून २०२१, पुन्हा दोहा, पुन्हा कतार. राखणदाराच्या आयुष्यात एक रात्र अशी येतेच. फुटबॉलमध्ये पहिलं पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, दुसरं पिवळं म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे मैदानाबाहेर, बदली माणूसही मिळत नाही. भेकेला दुसरं पिवळं कार्ड मिळालं तेव्हा घड्याळात फक्त १७ मिनिटं झाली होती. चेंडू हाताला लागला, पंचानं खिशात हात घातला. उरलेला सगळा सामना भारत दहा जणांनी खेळला, आशियाच्या विजेत्यासमोर, आणि ०-१ नं हरला. एकच गोल झाला हे दहा जणांचं आणि गुरप्रीतचं मोठेपण. पण चर्चा कुणाची झाली, ते सांगायची गरज नाही. अंधेरीच्या ११७ व्या मिनिटाला जे खांद्यावर घेणार होते, तेच १७ व्या मिनिटावरून शिव्या घालत होते.

इथं जर्नेलसिंगची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातला हा गडी भारताचा आजवरचा सगळ्यात नावाजलेला बचावपटू. १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला मागं ठेवायच्या ऐवजी पुढं, आघाडीवर खेळवलं. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानं गोल केला, एक गोल पी. के. बॅनर्जींचा, भारत २-१ नं जिंकला आणि सुवर्णपदक आणलं. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. साठ वर्षं उलटून गेली. सांगायचा मुद्दा असा की बॅकचं नाव इतिहासात जातं तेही बहुधा त्यानं गोल केला म्हणूनच. जर्नेलसिंगनं अडवलेले चेंडू मोजायला कोण बसलंय?

असो. भेके खचला नाही, असं लिहायला सोपं आहे. त्याच्या मनात काय चाललं हे आपण कसं सांगणार? जे दिसलं ते सांगतो. २०२१ मध्येच तो मुंबई सिटीकडं आला, म्हणजे परत आपल्या गावी. ११ एप्रिल २०२२ ला सौदी अरबस्तानात रियाधला आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईचा सामना इराकच्या अल कुवा अल जाविया या हवाई दलाच्या संघाशी होता. भारताच्या एकाही क्लबनं तोवर या स्पर्धेच्या गट फेरीत एकही सामना जिंकला नव्हता. इराकनं आधी गोल केला. दिएगो मॉरिसियोनं पेनल्टीवर बरोबरी केली. आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नर, आणि पुन्हा तेच डोकं. २-१. भारतीय क्लबचा त्या स्पर्धेच्या गट फेरीतला पहिला विजय, विजयी गोल करणारा भेके. कतारच्या रात्रीनंतर वर्षही झालं नव्हतं.

पुढचं भराभर सांगतो. २०२२-२३ ला मुंबईनं साखळीतलं पहिलं स्थान पटकावलं. २०२३-२४ ला भेके मुंबईचा कर्णधार झाला. जानेवारी २०२४ मध्ये आशिया चषकात, त्याच कतारमध्ये, ऑस्ट्रेलियासमोर भारताची बचाव फळी उभी राहिली तेव्हा मध्यभागी संदेश झिंगनच्या शेजारी भेके होता. पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाला गोल करता आला नाही. उत्तरार्धात दोन झाले आणि सामना गेला. ४ मे २०२४ ला कलकत्त्यात, साठ हजार बागानवाल्यांच्या गोंगाटात, मुंबईनं मोहन बागानला ३-१ नं हरवलं आणि करंडक उचलला तो कर्णधार भेकेनं. एके काळी ईस्ट बंगालचा म्हणून ज्या शहरानं त्याला निम्मं प्रेम आणि निम्म्या शिव्या दिल्या, तेच शहर. मग तो पुन्हा बेंगळुरूला गेला. १८ नोव्हेंबर २०२४ ला हैदराबादेत मलेशियाविरुद्ध त्यानं भारतासाठी गोल केला, १-१ बरोबरी झाली. १९ मार्च २०२५ ला शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० च्या विजयातला पहिला गोल त्याचाच. निवृत्ती मागं घेऊन छेत्री त्या सामन्यात परतला होता, म्हणून बातमी छेत्रीची झाली. भेकेला याची सवय असावी.

आता जो भाग मला तुमच्यापुढं मुद्दाम ठेवायचा आहे तो. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीनं आपल्या मुख्य संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. कारण काय? खेळाडूंनी काही चूक केली होती? नाही. देशाचा फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपणार होता, नवा ठरत नव्हता, आणि एरवी सप्टेंबरात सुरू होणारी स्पर्धा होणार की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या संघात भारताकडून खेळणारे बॅक आणि भारताचा सर्वांत मोठा गोल करणारा होता, त्या संघाची ही गत. माल उत्तम, वजन बरोबर, ओलावा नाही, आणि तरी मोंढा बंद. कास्तकाराला हे समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून ज्यांच्या घरात खेळणारं पोर आहे त्यांना सांगतो. खेळू द्या, पण 'लाखांनी कमावशील' असं सांगून पाठवू नका. मेस्सी १४ डिसेंबर २०२५ ला मुंबईत वानखेडेवर येऊन गेला, त्या निमित्तानं सरकारनं 'महादेवा' नावाचा प्रकल्प पुढं आणला, तेरा वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी. चांगली गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यातल्या लेकरांनी, पोरींनीसुद्धा, अशा चाचण्यांना जावं. पण सगळ्या राज्यातून मोजकी लेकरं निवडली जाणार, हे बापानं आधी समजून घ्यावं आणि लेकरालाही सांगावं. बाकीच्यांसाठी शाळा सोडायची नाही. भेकेसारखा गडी अठ्ठावीसपर्यंत थांबू शकला, कारण त्याला मुंबई-कलकत्त्यात खेळून पोट भरता येत होतं. आपल्या पोराला तसं नाही.

राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. हे दोन्ही खऱ्या खेळाडूसाठी आहे. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात किती गाजलं, हे तुम्ही वाचलंय. कधी मैदान न बघितलेल्या माणसानं पैसे मोजून कागद आणला आणि जागा घेतली, तर ती जागा कुणाची गेली? उन्हातान्हात पळणाऱ्या कुणाच्या तरी लेकराची. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं. गावातला कुणी असा कागद 'मॅनेज' करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजू नका.

आता सातबारा. कोल्हापुरात फुटबॉल एवढा का रुजला? तिथं तालमी आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. तिथं शाहू स्टेडियम आहे. सामन्याला गाव लोटतं. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच संघात मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता, तोही बॅक. कोल्हापूरच्या पोरांचे पाय आपल्या पोरांहून वेगळे नाहीत. फरक जागेचा आहे. त्याच विश्वचषकाच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ ला, महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम झाला. शाळाशाळांना फुटबॉल वाटले गेले. तुमच्या शाळेतला तो फुटबॉल आज कुठं आहे, गुरुजींना विचारा. आणि गुरुजींनी कपाट उघडून दाखवलं, तर खेळायला जागा कुठं आहे, हे त्यांनी तुम्हाला विचारावं.

शाळेला मैदान असावं, हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. २०१० पासून तो कायदा लागू आहे. पण औंढा तालुका घ्या, वसमत घ्या, कुठलंही गाव घ्या, मैदानाची कहाणी थोड्याफार फरकानं सारखीच निघते. एखाद्या भल्या माणसानं शाळेसाठी जागा तोंडी दिली. शाळा उभी राहिली, बक्षीसपत्र झालंच नाही, सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहिलं. त्याचा नातू आज म्हणतो, जागा आमची. किंवा मैदान गायरानात. एका कडेला कडब्याची गंजी, दुसरीकडं उकिरडा, मग पत्र्याचं शेड, मग विजेचं मीटर. गंजी दोन महिन्यांसाठी लावलेली असते. ती कधी हलत नाही. शेवटी उरतो पाण्याच्या टाकीजवळचा तुकडा, त्यात पोरं क्रिकेट खेळतात, कारण क्रिकेट कोपऱ्यातही खेळता येतं. पळायला जागा लागते तो खेळ गावातून जातो.

सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जागांवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. निकाल स्पष्ट आहे. पण निकाल काही ट्रॅक्टर घेऊन गावात येत नाही. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी, असं २०२४ मध्ये सरकारनं ठरवलं. गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. नाव काहीही असो, भाऊसाहेब, मैदानाच्या राखणीला तुम्ही आहात. अतिक्रमण झाल्यावर नोटिसा काढणं ही लोळण घेऊन चेंडू काढण्याची तऱ्हा झाली. कडब्याची पहिली पेंढी पडायच्या आधी जागेवर उभं राहणं सोपं, आणि त्यात कुणाशी वैरही येत नाही. यात तुमची अडचण मला ठाऊक आहे. ज्याची गंजी असते तो बहुतेक वेळा सरपंचाचा भावकीतला निघतो, आणि बदलीची फाइल वर असते. म्हणून एकट्या भाऊसाहेबावर टाकून चालणार नाही, चौघांची फळी लागते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक.

काम फार मोठं नाही. पहिलं, शाळेच्या जागेचा सातबारा काढून बघा, नाव कुणाचं आहे. तोंडी दिलेली जागा असेल आणि देणारं घर अजून राजी असेल तर बक्षीसपत्र करून घ्या, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या देखत, लवकर. दुसरं, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि हद्दीचे दगड रोवा. तिसरं, ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदवहीत 'खेळाचे मैदान' असे शब्द लिहून घ्या, नुसतं 'मोकळी जागा' नको. मोकळी जागा म्हटलं की प्रत्येकाला ती आपलीच वाटते. मैदान सपाट करायला, कुंपणाला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची क्रीडांगण विकास अनुदानाची योजना आहे. पण जागेचा कागद नसेल तर प्रस्ताव पुढं सरकत नाही, आणि गाव म्हणतं सरकार पैसे देत नाही.

जागा किती लागते? मोठ्या सामन्यांचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. आपल्या हिशेबात १ एकर साडेतीस गुंठे. शाळकरी पोरांना याच्या निम्म्यातही भागतं. गोलाचे खांब ८ फूट उंच, एकमेकांपासून २४ फुटांवर. लेकरांसाठी लहान चालतात, आणि दोन बांबू रोवले तरी पहिलं वर्ष निघून जातं. बहुतेक गावांत ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. विषय आधी लेखी दिला तर तो विषयपत्रिकेवर घ्यायला सांगता येतं. अर्जात गट नंबर, शाळेचं नाव आणि 'मैदानाची मोजणी करून हद्द कायम करणे' एवढं लिहा, खाली पालकांच्या सह्या घ्या, आणि पोहोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका.